पाळणाघरात बाटली घेत नाही? आधी नकार कोणत्या क्षणी येतो ते पाहा

एका आईचा प्रश्न आहे. मुलगी साडेचार महिन्यांची, आजवर फक्त अंगावरच्या दुधावर. एक महिन्याची असताना दोन-तीनदा बाटलीने प्यायली होती, तेव्हा काहीच अडचण आली नव्हती. आता पाळणाघरात जायला लागून बारा दिवस झाले, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच. दिवसभरात जेमतेम ३०-४० मिली दूध पोटात जातं, बाकीचं तसंच परत येतं. बाटली दिसली की रडते. रात्री मात्र तीन-चार वेळा उठून पोटभर पिते. घरचे म्हणतात, दोन दिवस अंगावर पाजू नकोस, झक्कत बाटली घेईल. पाळणाघरातल्या मावशी म्हणतात, पावडरचं दूध सुरू करा. आई विचारते आहे, नोकरी सोडू का?

नोकरीचं शेवटी बोलू. आधी लंगोट मोजा. २४ तासांत ६ किंवा त्याहून जास्त वेळा चांगली शू होत असेल, शूचा रंग फिका असेल, वजन वाढत असेल आणि जागेपणी मुलगी हसत-खेळत असेल, तर तुमच्या हातात वेळ आहे. दिवसाची भूक ती रात्री भागवते आहे. या उलट्या वेळापत्रकाला पाजण्याबाबत सल्ला देण्याच्या आमच्या कामात ‘रिव्हर्स सायकलिंग’ म्हणतात, आणि आई दिवसा दूर असलेल्या बाळांमध्ये ते नेहमी दिसतं. थांबायचं नाही ते या खुणा दिसल्यावर: शू कमी किंवा गडद होणं, तोंड कोरडं पडणं, टाळू खोल गेल्यासारखी दिसणं, बाळ मलूल होणं, पाजण्यासाठी उठवावं लागणं, वजन अडकणं. यातलं काहीही दिसलं तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगावर पिणंसुद्धा कमी झालं असेल तरीही तेच. कान दुखत असेल, नाक चोंदलं असेल, तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे आले असतील, तर बाळ दोन्हीकडे नकार देतं आणि आपण उगीच बाटलीला दोष देत बसतो.

आता घरच्यांच्या सल्ल्याबद्दल. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही एका आईला हेच सांगितलं होतं. पाच महिन्यांचा मुलगा होता. ‘भूक अनावर झाली की घेईल,’ असं मी अगदी छातीठोकपणे म्हटलं. तो सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत काही न घेता राहिला. रडून झोपला, उठला, पुन्हा रडला. बाटली घेतली नाहीच, वर पुढचे तीन आठवडे बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला तरी त्याचे ओठ घट्ट मिटायचे. ते तीन आठवडे माझ्या सल्ल्याची कमाई. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवं कसब शिकत नाही. त्या वेळी त्याला फक्त ओळखीचं हवं असतं. शिवाय अचानक पाजणं थांबवलं की तुमची छाती दगडासारखी घट्ट होणार, गाठी आणि ताप येऊ शकतो, आणि दूधही कमी होतं. म्हणजे मुलीचा एकमेव भरवशाचा मार्गही आपणच अरुंद करायचा. हे करू नका.

पावडरच्या दुधाचं वेगळं. काढलेलं दूध कमी पडत असेल तर ते जरूर द्यावं, त्यात कमीपणा काही नाही. पण तुमच्याकडे दूध आहे, ते परत येतंय. अडचण भांड्याची असेल तर आतलं दूध बदलून काय साधणार? एक नक्की सांगते: बाटलीत साखर, खीर, पेज, साधं पाणी यातलं काही घालू नका, आणि वर्षाच्या आत गाईचं दूध हा पर्याय धरू नका.

‘महिन्याची असताना घेत होती, मग आता काय झालं?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आई विचारते. पहिल्या काही आठवड्यांत चोखणं ही प्रतिक्षिप्त क्रिया असते. टाळ्याला काही लागलं की बाळ चोखतं. निपल असो, बोट असो, शर्टाचं बटण असो. तीन महिन्यांच्या आसपास ही क्रिया बाळाच्या इच्छेवर जाते. आता ते चोखायचं की नाही हे ठरवू शकतं, आणि मधले तीन महिने बाटली पाहिलीच नसेल तर ठरवताना ‘हे काय आणलंय?’ असाच चेहरा होणार. म्हणून ती हट्टी झाली असं म्हणू नका. तिच्यासाठी बाटली ही आज पहिल्यांदाच समोर आलेली वस्तू आहे.

अशा आया भेटायला आल्या की मी पहिला प्रश्न विचारते: नकार नेमका कोणत्या क्षणी येतो? ‘घेतच नाही हो’ हे उत्तर मला चालत नाही. बाटली दिसल्यावर, ओठाला लागल्यावर, दोन घोटांनंतर, की ३० मिली झाल्यावर? या प्रत्येक क्षणाचं कारण निराळं आणि उपायही निराळा. म्हणून उद्या मावशींना ‘किती प्यायली’ यापेक्षा ‘कुठे थांबली’ हे लिहून ठेवायला सांगा.

बाटली नुसती दिसली की रडते, हे तुम्ही लिहिलं आहे. म्हणजे आधी कधीतरी जबरदस्ती झाली असावी. कुणी मुद्दाम केली असं नाही. रडणाऱ्या तोंडात ‘एक घोट तरी’ म्हणून निपल सरकवणं हे मायेपोटीच होतं, पण बाळाच्या लक्षात तेवढंच राहतं. अशा वेळी निपलला तीन-चार दिवस पूर्ण सुट्टी द्या. त्या दिवसांत दूध वाटीने द्यायचं, कसं ते पुढे सांगते. बाटली मग परत आणायची ती खेळणं म्हणून: रिकामी, स्वच्छ, तिच्या हातात. चावू दे, फेकू दे. निपल सुटं काढून बोटावर चढवा आणि तिला ते हिरड्यांनी चघळू द्या. कुणी तिला काही पाजत नाहीये, एवढं तिला कळलं पाहिजे. या टप्प्यात घाई केली की पुन्हा शून्यापासून सुरुवात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता घाई करणाऱ्या बापांना मी खोलीबाहेर चहाला पाठवते.

ओठाला लागेपर्यंत ठीक, पण तोंडात गेलं की ओकारी येते किंवा जिभेने बाहेर ढकलते, असं असेल तर निपलचा आकार आणि ते किती आत जातं हे पाहा. अंगावर पिताना स्तनाग्र बाळाच्या तोंडात खूप आत, टाळ्याच्या मागच्या मऊ भागाजवळ जातं, पण ते बाळ स्वतः ओढून घेतं. निपल आपण ढकलतो. ‘अगदी आईसारखं’ म्हणून विकली जाणारी निपलं बहुतेकदा बुडाशी खूप रुंद आणि मध्येच एक छोटं टोक अशी असतात. बाळ त्या टोकावरच ओठ आवळतं, स्ट्रॉने प्यायल्यासारखं, आणि पकड बसतच नाही. मला टोकापासून बुडाकडे हळूहळू रुंद होत जाणारी निपलं बरी वाटतात. ओठ बाहेर वळून सैल टेकतात. काही बाळांना सिलिकॉनपेक्षा लेटेक्सचं मऊ निपल चालतं. पण दहा प्रकार आणून रोज नवा दाखवू नका. दोन आणा, एकेकाला चार-पाच दिवस द्या. रोज बदललं तर बाळाला रोज नवी परीक्षा.

दोन-तीन घोट घेते, मग ठसका, मग मान फिरवते. हे प्रवाहाचं दुखणं. अंगावर बाळ आधी थोडा वेळ हलकं भराभर चोखतं, मग पान्हा फुटतो, मग दूध लाटेसारखं येतं आणि ओसरतं. मध्ये विसावा असतो. बाटलीत पहिल्या क्षणापासून धार, आणि ती थांबत नाही. डोळे मोठे करून बघणं, बोटं फाकणं, ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळणं, गटागट आवाज, या ‘फार वेगात येतंय’च्या खुणा आहेत. सगळ्यात संथ निपल घ्या. वयानुसार पुढच्या आकड्याचं निपल घ्यायलाच हवं असं नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला शेवटपर्यंत पहिल्याच आकड्यावर ठेवलं तरी बिघडत नाही. क्वचित उलटंही असतं: जोरजोरात ओढते, गाल आत जातात, निपल चपटं होतं, चिडते. तेव्हा निपलचं छिद्र किंवा हवेची भोकं बुजली आहेत का बघा, झाकण फार घट्ट नाही ना बघा.

घोट घेऊन तोंड वाकडं करते आणि थुंकते? मग दूध स्वतः चाखा. खरंच चाखा, आया हे करत नाहीत. काही जणींच्या दुधात लायपेज नावाचं विकर जोरात काम करतं, ते स्निग्धांश फोडतं, आणि साठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दूध खराब नसतं, देता येतं, पण चव बदललेली असते आणि काही बाळं ती ओळखतात. तपासायचं कसं: ताजं दूध फ्रीजमध्ये ठेवा, १२ तासांनी आणि २४ तासांनी वास घ्या. बदलत असेल तर दूध काढल्यावर लगेच, साठवण्याआधी, कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटकन गार करा. यात दुधातले काही संरक्षक घटक कमी होतात, म्हणून हा उद्योग फक्त साठवणीच्या दुधापुरता, आणि गरज असेल तरच. आधीच वास धरलेलं दूध तापवून सुधारत नाही. ते ताज्या दुधात थोडं थोडं मिसळून खपवता येतं. आंबट, नासका वास आला तर मात्र ओतून द्या, ते निराळं. तापमानही पाहा. बहुतेक बाळांना अंगाइतकं कोमट लागतं, आणि निपलही गार नको; कोमट पाण्यात बुडवून द्या. दात शिवशिवत असतील तर उलट थोडं गार आवडतं. मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करू नका, मध्येच एखादा घोट चटका देणारा निघतो.

आणि ३० मिली घेऊन शांतपणे थांबते, रडत नाही? मग कदाचित तिचं तेवढ्यात भागतंय. याचा हिशोब पुढे करू.

आता एक प्रसंग. पाळणाघरात नेमकं काय होतं ते पाहायला मी एकदा कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या खुर्चीत तासभर बसले. मावशी अनुभवी, हात मायेचा. चार महिन्यांच्या मुलीला त्यांनी आडवं मांडीवर घेतलं, मान कोपरात, बाटली उभी वरून खाली. पहिला घोट गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला मुलीच्या भुवया वर गेल्या, उजव्या हाताची पाचही बोटं ताठ फाकली, हनुवटीवरून दूध मानेच्या वळीत उतरलं. तिने तोंड फिरवलं. निपल तिच्या मागे गेलं. तिने दुसरीकडे फिरवलं, निपल तिकडेही आलं. मग रडणं. मावशी म्हणाल्या, ‘बघा, रोजचं असंच.’

ती शांत झाल्यावर मी तिला माझ्या मांडीवर जवळजवळ बसवलं, पाठ माझ्या दंडाला, मान मोकळी. बाटली आडवी धरली, निपल अर्धंच भरलेलं. निपलचं टोक नाकाखालून वरच्या ओठावर टेकवलं आणि काहीच केलं नाही. मनात आकडे मोजत होते. बाविसाव्या आकड्याला तिने ओठ चाटला, मग तोंड उघडलं आणि निपल स्वतः आत ओढलं. चार-पाच घोट झाल्यावर मी बाटलीचं बूड खाली केलं. निपल तोंडातच, पण दूध मागे सरकलं. ती नुसतं चोखत राहिली, मग दमली, श्वास घेतला. बूड पुन्हा वर. असं करत १८ मिनिटांत ४० मिली गेलं. मध्ये एकदा बाजू बदलली, अंगावर बदलतो तशी. शेवटी तिने जिभेने निपल बाहेर सारलं आणि मी लगेच बाजूला घेतलं, बाटलीत २० मिली असूनही. ते बाजूला घेणं फार महत्त्वाचं. ‘नको’ म्हटल्यावर थांबतात, हे बाळाला कळलं की ते पुढच्या वेळी ‘हो’ म्हणायला घाबरत नाही.

मावशींचं म्हणणं एकच होतं: ‘एवढा वेळ कुणाला असतो हो? माझ्याकडे चार पोरं आहेत.’ बरोबर आहे त्यांचं. त्यांना दोष देऊन तुमची मुलगी दूध पिणार नाही. म्हणून मागणी छोटी ठेवा: दिवसातलं एकच पाजणं असं सावकाश, इतर मुलं झोपलेली असतील त्या वेळी, आणि शक्यतो रोज त्याच मावशींच्या हातून. बाकीच्या वेळी वाटी. भूक लागल्याच्या पहिल्या खुणेला सुरू करायचं, म्हणजे मूठ तोंडात जाते, मान इकडेतिकडे शोधते, ओठांचा चुटूचुटू आवाज येतो तेव्हा. रडणं ही शेवटची खूण, तोवर उशीर झालेला असतो. बाळ निजवून बाटलीला उशीचा टेकू देऊन कुणीही सरकायचं नाही. गुदमरण्याची भीती खरी आहे. पाच-दहा मिनिटांत जमलं नाही तर बाटली दूर, बाळाला फिरवून आणायचं, पाऊण तासाने पुन्हा.

साडेचार महिन्यांच्या बाळाला आजूबाजूचं सगळं बघायचं असतं, हेही मावशींना सांगा. पंखा, दार, दुसऱ्या मुलाची टोपी. कित्येकदा नकार दुधाला नसतो, टोपी जास्त रंजक असते एवढंच. कमी उजेडाचा कोपरा, किंवा खिडकीकडे तोंड करून हलकं डुलत उभ्याने पाजणं, यांनी मोठा फरक पडतो. काही बाळांना पाजणाऱ्याच्या अंगाशी कवटाळलेलं नको असतं, कारण त्या स्थितीत त्यांना आईच हवी. त्यांना तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवा. आईचा वापरलेला कपडा जवळ ठेवण्याची युक्ती सगळे सांगतात. अर्ध्या बाळांना ती धार्जिणी, अर्ध्यांना वास आला आणि आई नाही म्हणून जास्तच राग येतो. एकदा करून बघा, तिच्या चेहऱ्यावर कळेल.

घरी सराव सुट्टीच्या दिवशी करा, आणि तुम्ही करू नका. बाबा, आजी, कुणीही. तुम्ही घराबाहेर जा. शेजारच्या खोलीत असलात तरी बाळाला वास येतो आणि मग बाटली का घ्यावी हे त्याला पटत नाही. वेळ निवडायची ती पोट अर्धं भरलेलं असतानाची, दोन पाजण्यांच्या मध्ये. बाटलीत १०-१५ मिलीच घाला. १०० मिली वाया गेले की पाजणाऱ्याचा जीव कळवळतो आणि तो कळवळा हातात उतरतो. सगळ्यात चांगली संधी झोपेतून उठताना, डोळे अर्धे मिटलेले असताना. त्या पेंगेत जुनी चोखण्याची सवय जागी असते आणि नकार देणारी बुद्धी अजून झोपेत. पहिला घोट त्या वेळी गेलेली कितीतरी बाळं मी पाहिली आहेत.

आता वाटी. हा भाग लोक कमीपणाचा मानतात, ‘बाटली जमली नाही म्हणून’ वगैरे. माझं मत उलट आहे. नवजात बाळांच्या विभागात कमी दिवसांची, मुठीएवढी बाळंसुद्धा वाटीने दूध पितात. साडेचार महिन्यांचं धडधाकट बाळ तर हसत शिकतं, आणि वाटी धुवायलाही सोपी. लहान, पातळ कडेची, गुळगुळीत वाटी किंवा छोटा पेला घ्या. बाळाला ताठ बसवा, हात सैलसर कापडात गुंडाळा, नाहीतर पहिल्याच फटक्यात वाटी उलटी. कड खालच्या ओठावर टेकवा, हलकेच, आणि दूध ओठाला जेमतेम लागेल इतकीच वाटी कलती करा. मग थांबा. जीभ बाहेर येते, मांजराच्या पिल्लासारखी लपलप चाटते. दोन दिवसांत चाटण्याचे घोट होतात. दूध तोंडात ओतायचं कधीच नाही, हा एकच नियम. बोंडल्याबद्दलही तेच: चोचीतून धार सोडायची नाही, ओठावर टेकवून बाळाच्या चालीने. वाटीने थोडं सांडतं, त्यामुळे प्यायलेलं दूध जास्त वाटतं. मी लाळेरं आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवते. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. लोक हसतात, पण आकडा खरा मिळतो. चमच्याने द्यायचं तर वेळ जास्त लागतो, पण सुरुवातीच्या चार दिवसांसाठी उत्तम.

माझ्या चुकीच्या सल्ल्याचा बळी ठरलेला तो मुलगा शेवटी वाटीनेच प्यायला. बाटली त्याने पुढे कधीच घेतली नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

किती लागतं याचा हिशोब. एक ते सहा महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला दिवसरात्र मिळून सरासरी ७५० ते ८०० मिली लागतं. काही बाळं त्याच्या बरंच खाली, काही बरंच वर. सहा महिन्यांपर्यंत हा आकडा फारसा वाढत नाही, त्यामुळे ‘मोठी झाली, आता १८० मिली द्या’ हे अंगावरच्या दुधाला लागू नाही. तासाला साधारण ३० मिली धरा. साडेआठ तासांचे झाले २५० च्या आसपास. तेही ६०-८० मिलीच्या तीन-चार पाजण्यांत. सोडताना दारात, आणि घ्यायला गेल्याबरोबर तिथेच बसून पाजलं, तर मधली गरज आणखी घटते. म्हणून पहिलं उद्दिष्ट २५० नाही, १०० ठेवा. १०० मिली सुखाने गेले, रात्रीचं पिणं चालू, शू ठीक, वजन वर, तर घाबरण्याचं कारण उरत नाही. दूध ३०-६० मिलीच्या छोट्या भागांत द्या, म्हणजे उष्टं फार टाकावं लागत नाही. उष्टं दूध बाळाचं पिणं संपल्यापासून दोन तासांच्या आत वापरायचं. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ दिवस टिकतं. गोठवलेलं पूर्ण वितळल्यावर फ्रीजमध्ये २४ तास, आणि पुन्हा गोठवायचं नाही. खोली जास्त उष्ण असेल तर सरळ फ्रीज.

तुम्ही स्वतः कामावर दर तीन तासांनी दूध काढत राहा, साडेआठ तासांत दोन-तीन वेळा. ‘ती पीतच नाही, मग काढू कशाला’ असं मनात येईल. पण न काढलेलं दूध शरीराला ‘कमी बनव’ असा निरोप देतं. रात्रीची जागरणं त्रासाची आहेतच. तूर्तास ती तिची शिदोरी आहे, म्हणून लवकर आडव्या व्हा, संध्याकाळी दर दीड-दोन तासांनी पाजा म्हणजे रात्रीचा भार थोडा हलका होतो, आणि एखाद्या रात्रीनंतरची सकाळची पाळी दुसऱ्या कुणी घ्यावी. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजता पाजता डोळा लागू देऊ नका, बाळासाठी ती धोक्याची जागा आहे.

प्रत्येक वेळी, कुठल्याही भांड्याने, ठसका लागत असेल, दूध नाकातून येत असेल, पिताना श्वास घरघरत असेल, किंवा जीभ खालच्या ओठाच्या बाहेर येतच नसेल, तर युक्त्या थांबवा आणि डॉक्टरांकडून तोंड आणि गिळणं तपासून घ्या. जीभ खाली बांधलेली असणं, पोटातलं वर येणं, ही कारणं घरी सुटत नाहीत.

आणि नोकरी. तुमची मुलगी सहा महिन्यांची व्हायला साधारण सहा आठवडे आहेत. तेव्हा वरचं खाणं सुरू होईल, दूधच मुख्य राहील, पण दिवसाची सगळी मदार त्या एका बाटलीवर राहणार नाही, आणि पेला तिला तोवर चांगला येत असेल. त्यामुळे राजीनाम्याचा निर्णय आज, बारा दिवसांच्या थकव्यात घेऊ नका. त्याआधी कामावर विचारा: दुपारी अर्ध्या तासासाठी पाळणाघरात जाऊन पाजता येईल का, किंवा काही आठवडे दिवस दोन तासांनी लहान करता येईल का? एक दुपारचं पाजणं मिळालं तर वरचा हिशोब जवळजवळ निम्मा होतो. उद्या सकाळी पिशवीत बाटली देऊच नका. वाटी, दोन लाळेरी, चार छोट्या झाकणाच्या डब्यांत ४०-४० मिली दूध आणि एक वही द्या. वहीत मावशींनी तीनच गोष्टी लिहायच्या: किती वाजता, किती गेलं, कुठे थांबली. आणि शनिवारी वजन करा.